आधी जबानी, मग कॉम्प्युटर

कॉम्प्युटर चालू होईनासा झाला की शॉपमधली माणसं कॉम्प्युटरकडे धावायची. आक्का माणसांकडे धावायच्या.

"हात वर! कुनीबी बटनाला शिवायचं न्हाई. शेवटचा हात कुनाचा व्हता? पुढं ये."

एवढं बोलून त्या फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसायच्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, ते तसेच साडीत गुंडाळलेले. मग कमरेची चंची सोडायची, सुपारीचं खांड गालात टाकायचं, आणि सुरू व्हायची जबानी. हा शब्द त्यांचाच. शेवटचं चांगलं चालू होतं तेव्हा काय केलं? त्याच्या आधी काय केलं? पडद्यावर काय आलं? आलं तर वाचलं का? वाचलं नाही तर डोळे कशाला दिलेत?

उत्तर कसंही चालायचं, एक सोडून. "मी काही नाही केलं" असं कुणी म्हणालं की आक्का शटरकडे बोट करायच्या. बाहेर. बाहेर उभं राहून आठवायचं, आणि कॉम्प्युटर उठेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. शेठपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना तोच कायदा.

आमचं शॉप चाकणच्या एमआयडीसीत, एका मोठ्या कंपनीच्या भिंतीला लागून. गाड्यांचे सुटे भाग पाठवताना एकमेकांना घासू नयेत म्हणून ज्या फोमच्या ट्रेमध्ये बसवतात, ते ट्रे आम्ही कापतो. टेबलावर फोमचा ताव अंथरला की वरचं फिरणारं पातं त्यात बरोबर मापाच्या खाचा कोरतं. पात्याला वाट दाखवतो तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. त्यात दोन डिस्क आहेत. एकीवर विंडोज, शेठच्या बिलांसाठी आणि ड्रॉइंगसाठी. दुसरीवर लिनक्स, मशीन चालवायला. मशीनची सगळी मापं, सगळ्या सेटिंग लिनक्सच्या पोटात.

मी कामाला लागले तेव्हा हे सगळं मला भुताटकीसारखं वाटायचं. मी परभणीकडची. नववीत शाळा सुटली, ती सुटलीच. घरचे मालक, म्हणजे नवरा, चाकणला कंपनीत ठेक्यावर लागले म्हणून मी इकडे आले, आणि फोमचा चुरा झाडायला, ट्रे रचायला रोजंदारीवर या शॉपमध्ये. पोरीला गावी आईजवळ ठेवून आले होते. स्वभाव असा की खोलीला कुलूप लावलं तरी रस्त्याच्या वळणावरून परत येऊन ओढून बघणार. कॉम्प्युटरच्या बाजूनं झाडताना मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे, न जाणो माझ्या श्वासानं काही बंद पडलं तर.

आक्कांनी ते हेरलं.

"ए परभणी, त्याला चावता येत न्हाई. जवळ ये."

"नको आक्का, काही झालं म्हणजे?"

"झालं तर काय करू लालीस ते सांगशील की नीट. सांगता येतं ना? मग झालं!"

मी कधीतरी "करू लाले" म्हटलं असेन, ते त्यांनी उचललं ते कायमचं. माझ्या बोलीची त्या नक्कल करायच्या आणि स्वतः मात्र तळेगावच्या अलीकडच्या खेड्यातलं ठसठशीत मावळी बोलायच्या. शुद्ध मराठी फक्त एकाच वेळी: टायपिंगचा उतारा सांगताना. तळेगाव दाभाडेला त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मशीनं गेली, कॉम्प्युटर आले. कुठल्या तरी कंपनीनं भंगारात काढलेले कॉम्प्युटर त्यांनी उचलले, त्यात विंडोज टाकायची ऐपत नव्हती, तेव्हा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतून लिनक्स टाकलं. शिकवणारं कुणी नाही. "ते पडद्यावर लिवायचं, मी वाचायचे. आमचा संसार आसा सुरू झाला," असं त्या सांगायच्या. इन्स्टिट्यूट पुढे मोडली, पण तो संसार टिकला, आणि आमच्या शेठनं हे मशीन घेतलं तेव्हा ते चालवणारं दुसरं कुणी सापडेना म्हणून आक्का आल्या.

येताना स्कूटीवरून यायच्या. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली असते, त्या रांगेतून आक्का भांडत भांडत यायच्या, आणि शॉपमध्ये शिरताना हेल्मेट काढायच्या आधीच कालच्या कंटेनरवाल्याची गोष्ट चालू असायची.

एका कॉम्प्युटरात दोन कसे राहतात, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "एका घरात दोन बिऱ्हाडं. दार एक. दारात एक काळा माणूस बसलेला, तो इचारतो, कुनाकडं आलात? वर लिनक्सबाई, खाली विंडोजबाई. तू बोट दाखवायचं, तो आत सोडतो. तू गप बसलीस तर जरा वाट बघतो आणि आपला वरच्या बाईकडं पाठवतो."

तो काळा माणूस म्हणजे सुरुवातीला येणारा काळा पडदा आणि त्यावरच्या ओळी.

"आणि दोघींचं पटतं का?" मी विचारलं.

"कुठलं पटतंय! विंडोजबाई हौशी. न इचारता घरात रंग काढंल, कपाट हलवंल आणि वर म्हनंल, थांबा, बंद करू नका. लिनक्सबाई शांत. पन काय दुखतंय ते सगळं सांगती, शेवटच्या अक्षरापर्यंत. लोकांना तेवढं ऐकायला येळ न्हाई म्हनून ती वाईट."

बंद करून परत चालू करा, असा सल्ला कुणी दिला की मात्र त्यांचा पारा चढायचा. "सासूशी भांडन झालं, घराभाईर गेलीस, परत आत आलीस. मिटलं व्हय भांडन? सासू तीच, तू तीच!"

शेठचा किस्सा सगळ्या लाइनीत गाजलेला. शेठ मूळ पिंपरीचे, मुसलमान, वडिलांपासून फोम-रेग्झिनचा धंदा. मनानं दिलदार, पण कॉम्प्युटरवर बोट फार चालायचं. एका सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर दोन बिऱ्हाडांची पाटीच येईना, इंग्रजीत एक ओळ आणि पुढे लुकलुकणारी रेघ. आक्का आल्या. जबानी सुरू.

"काही नाही केलं, आक्का. कसम से!"

"भाईर."

"आक्का, शॉप माझं आहे!"

"मग भाईरून बघा कसं दिसतंय ते."

शेठ गेले बाहेर. आपल्याच शटरसमोर हात बांधून उभे. जाणारा-येणारा विचारतोय, "काय शेठ, आज बंद का?" टेम्पोवाला तर हळहळून म्हणाला, "लाइट बिल थकलं का हो?" ते ऐकून शेठ जे आठवायला लागले ते धडाधड आठवलं. पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवायला जागा नव्हती. विंडोजमध्ये डिस्क बघितल्या तर एक तुकडा रिकामा दिसला. तो पुसून त्यात वरात ठेवली.

"रिकामा न्हाई ओ तो!" आक्का कपाळाला हात लावून हसत सुटल्या. "विंडोजबाईला जावेचं सामान दिसत न्हाई, म्हनून ती रिकामं म्हनती. तुमी लिनक्सबाईच्या घरात नवरा-नवरी नेऊन बशिवली!"

मग चंचीतून पेनड्राइव्ह निघाला. सुपारी, लवंग, अडकित्ता आणि पेनड्राइव्ह, सगळं एका चंचीत. त्यात मशीनच्या सेटिंगची नक्कल असायची. दुपार गेली, पण संध्याकाळी पातं फिरायला लागलं. शेठनं सगळ्यांना समोसे चारले आणि आक्कांना दोन. पेनड्राइव्हला त्यानंतरही कित्येक दिवस लवंगेचा वास येत होता.

मला त्यांनी इंग्रजी शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी मला अक्षरं मोठ्यानं म्हणायला लावली. पडद्यावर काही आलं की मी मान खाली घालायचे, आणि त्या म्हणायच्या, "अर्थ माझा, अक्षरं तुझी. म्हन." मी म्हणायचे. ई. आर. आर. ओ. आर. शेठ हसतील असं वाटायचं. कुणी हसलं नाही. हळूहळू काही शब्द तोंडओळखीचे झाले, जसे बसच्या पाटीवरचे होतात. पुढे आक्का मला मशीनवर उभं करायला लागल्या. ताव अंथरणं, पातं शून्यावर आणणं, मग पुढचं.

त्याच सुमारास शेजारच्या कंपनीकडून एका नव्या पार्टच्या ट्रेची चौकशी आली. नमुना पास झाला तर वर्षाचं काम. शेठ मला म्हणाले, "ताई, नमुना तुम्ही कापायचा. पास झाला तर मशीनवर कायम करतो, पगारी. नाहीतर, तुम्हाला माहितीये, माझ्याकडे रोजंदारीसुद्धा फार दिवस पुरणार नाही."

कायम म्हणजे माझ्यासाठी एकच गोष्ट होती. दिवाळीची सुट्टी संपली की पोरीला इकडे आणून शाळेत घालायचं. फोनवर ती आता "आई" आधी आजीला म्हणायची आणि मग मला.

नमुना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरला. त्याआधी आली खंडेनवमी. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी मशीनला सुट्टी आणि माणसांना काम. सगळं पुसायचं, तेलपाणी करायचं, हळदकुंकू, झेंडूचे हार. झेंडू शेठ स्वतः मंडईतून आणायचे आणि भाव करताना एवढा घोळ घालायचे की फुलवाला जास्तीची जुडी देऊन सुटका करून घ्यायचा. पात्यासमोर नारळ फुटला, पेढे झाले. आक्कांनी त्या दिवशी कॉम्प्युटर कुणाला पुसू दिला नाही. "त्याचं मी बघते." कोपऱ्यात बसून, पदर खोचून, रंगाचा ब्रश घेऊन त्या किती तरी वेळ त्याच्या पोटात घुसल्या होत्या. मी लांबून बघितलं. तेव्हा त्या ओवी गुणगुणत होत्या.

दसऱ्याला शॉप बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आले, शटर उघडलं, बटण दाबलं. काळा माणूस आलाच नाही. थेट विंडोज. दोन ओळींची पाटी नाही, वरची बाई नाही, काही नाही. मी बंद करून परत चालू केलं. सासू तीच, मी तीच.

 शेठ आले, त्यांनी बघितलं आणि ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. "अरे भावा, जरा येतोस का? हां, ते लिनक्स उडालंय बहुतेक. फॉरमॅट मारून नवीन टाकू." पलीकडचा माणूस चांगला होता, लगेच निघतो म्हणाला. पण फॉरमॅट म्हणजे सगळं नव्यानं बसवणं, आणि कंपनीचे साहेब दुपारी येणार होते.

तेवढ्यात स्कूटी थांबली. हेल्मेटसकट आक्का आत.

"हात वर! शेवटचा हात कुनाचा?"

 शेठ म्हणाले, "आक्का, शेवटचा हात तुमचा. खंडेनवमीला."

"व्हय की." आक्का जरा थबकल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मग माझी जबानी कोन घेनार? घे गं परभणी."

"मी?"

"तूच नमुना कापनार ना? घे."

 मी विचारलं, त्यांच्याच चालीवर. "आक्का, खंडेनवमीला काय केलं तुम्ही?"

"काय करनार? काय न्हाई केलं. पूजा केली."

 शेठचा हात तोंडावर गेला. मग मागून एकजण फिसकन हसला, आणि आक्कांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. डोळे मोठे झाले. "आगं बया," म्हणाल्या, आणि हसू दाबत, चंची सावरत, स्वतःहून शटरच्या बाहेर जाऊन फोमच्या गाठोड्यावर बसल्या.

"आक्का, आत या, मस्करी पुरे, साहेब येतील!" शेठ काकुळतीला आले.

"कायदा म्हंजे कायदा. उटंल तवा येते. परभणी, इचार पुढं!"

मी विचारायचं तरी काय? पडद्याकडे बघत राहिले. मला घड्याळाकडे बघायची खोड, सतत, कुठंही. खाली कोपऱ्यात विंडोजचं घड्याळ होतं. त्यात तारीख भलतीच. कितीतरी वर्षांपूर्वीची, तेव्हा मी शाळेत असेन.

मी बाजूच्या खिडकीच्या जाळीशी धावले. "आक्का, याचं घड्याळ मागं गेलंय. कधी जातं मागं?"

"सेल काढल्यावर," आक्का सहज म्हणाल्या. आणि मग थांबल्या. सुपारी चघळायची थांबली. "पैशासारका गोल सेल असतो आत. त्यो धुळीनं काळा दिसत व्हता. सणाच्या दिवशी तसाच कसा ठिवायचा? म्या काढला, पदरानं पुसला, कुंकू लावलं, परत बशिवला." स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "पूजा म्हंजे काय करनं असतं व्हय! माझ्या ध्यानातच आलं न्हाई!"

मग जाळीतून त्यांनी मला सांगितलं. उठल्याबरोबर कॉम्प्युटरला एवढंच आठवायचं असतं, की आधी कुठल्या डिस्कला हाक मारायची. ती आठवण त्या सेलवर असते. सेल निघाला, आठवण गेली, आणि आता तो पहिली दिसली तिला हाक मारतोय, विंडोजच्या डिस्कला. काळा माणूस दुसऱ्या डिस्कच्या दारात बसलाय, जिवंत, कुणी बोलावलंच नाही म्हणून.

"म्हणजे काही उडालं नाही?"

"काय न्हाई उडालं. जा. बंद कर, चालू कर, आणि चालू होताना डिलीटचं बटन टकटक दाबत राहा."

मी दाबलं. निळा पडदा आला, त्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. मी म्हणायला लागले. बी. ओ. ओ. टी.

"त्यातच जा!"

एच. ए. आर. डी. मग डी. आय. एस. के. आत दोन डिस्क एकाखाली एक. आक्का जाळीला नाक लावून, "खालचीला वर घे! अधिकचं बटन!" खालची वर गेली. "आता एफ दहा!" ते दाबलं तर मधोमध एक चौकट उघडली, त्यात प्रश्न. मी अक्षरं म्हणत होते, आणि तेवढ्यात कंपनीच्या फाटकातून एक कंटेनर रिव्हर्स यायला लागला. टूं टूं टूं. आक्कांचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द एक ऐकू येत नव्हता. कंटेनर आपला निवांत, इंचाइंचानं मागे.

शेठ म्हणाले, "थांबा ताई, जाऊ दे त्याला."

प्रश्नाच्या शेवटी वाय आणि एन होतं. पहिला शब्द मी जुळवला. एस, ए, व्ही, ई. हा ओळखीचा होता. मशीनवर रोज दाबायचे. वाय दाबलं.

पडदा काळा झाला. आणि काळ्यावर दोन ओळी उमटल्या.

शेठनं एवढ्या जोरात "या अल्ला!" केलं की बाहेर कंटेनरचा ड्रायव्हर वाकून बघायला लागला. मग कुणालाच उसंत नव्हती. ताव अंथरला, पातं शून्यावर आणलं, फाइल उघडली. शेठनं फॉरमॅटवाल्याला फोन करून नको म्हटलं. पात्याखालून पांढरा चुरा उडत होता आणि मी तोंडाला रुमाल बांधून खाचेमागून खाच बघत होते. साहेब आले तेव्हा ट्रे नुकता उचलला होता.

तरुणच होते. पिशवीतून पार्ट काढला, खाचेत ठेवला, वरून अंगठ्यानं दाबला. हवा निघाल्याचा बारीक आवाज आला. मग त्यांनी ट्रे उचलला आणि उलटा केला. हलवला. पार्ट पडला नाही.

"छान बसलाय," ते म्हणाले. "हाच पाठवा." मग बाहेर बघून हळूच विचारलं, "त्या आजी मघापासून बाहेर का बसल्यात?"

आम्ही त्यांना आत बोलवायचं विसरलोच होतो. मी धावले. आक्का गाठोड्यावर आरामात, शेजारी तो कंटेनरवाला, दोघं खंडेनवमीचा उरलेला पेढा वाटून खात होते.

"आक्का, चला आत! पास झाला!"

"झाला व्हय?" त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. आत आल्यावर साहेबांनी त्यांना नमस्कार केला. म्हणाले, "मशीन तुम्ही बघता का?"

"मला काय इचारता सायेब? मी सकाळपासनं भाईर हाय. हिला इचारा."

साहेबांनी मला माझं नाव विचारलं. ते गेल्यावर शेठ म्हणाले, "ताई, सोमवारपासून मशीन तुमचं. पोरीला आणा." मला रडू आलं, ते मी फोमच्या चुऱ्यावर ढकललं. हात जोडले, शेठना, आक्कांना, मशीनला, कुणाकुणाला ते मला आठवत नाही.

आक्कांनी माझे हात खाली केले. सरळ कॉम्प्युटरकडे गेल्या आणि तो बंद केला.

"अहो आक्का!" शेठ ओरडले. "चालतंय ना! कशाला हात लावता आता?"

"आत्ता मी कानात सांगत व्हते. हिनं स्वताचं काय केलं मग?" आक्का मला म्हणाल्या, "चालू कर. मी तिकडं तोंड करून बसते." आणि खरंच, खुर्ची भिंतीकडे फिरवून, मांडी घालून बसल्या.

मी बटण दाबलं. पंख्याची घरघर सुरू झाली. काही क्षण पडदा नुसता काळा, आणि शेठ दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून उभे. मग दोन ओळी आल्या. वरच्या ओळीवर जायला मी कुणालाच विचारलं नाही.